बारा चित्रांची परीक्षा

मे महिना सरत आला की वर्ध्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंदेखील दिसत नाही. परवा अशाच दुपारी माझी सून नातीला घेऊन बाहेरून आली. दोघींचे चेहरे उन्हाने लाल झालेले. गावातल्या एका नावाजलेल्या शाळेत बालवर्गाच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. मुलाखत नातीची. ती अजून चार वर्षांचीही नाही. तिला रंग विचारले, आकार विचारले. जांभळ्या रंगाला ती ‘वांग्याचा रंग’ म्हणाली, आणि तिथून पुढे बोलायचीच थांबली. शाळेच्या बाईंनी सांगितलं, अजून तयारी कमी पडते, पुढच्या वर्षी बघू. सून खुर्चीत बसून राहिली. मी नातीला माठातलं पाणी दिलं. ते गटागटा पिऊन ती अंगणात पळाली. तिला काही झालंच नव्हतं.

‘पुढच्या वर्षी बघू.’ हे शब्द मीही एकदा उच्चारले आहेत. स्वच्छ, शुद्ध, ठाम आवाजात. उन्हाळा तसाच होता. मी एकवीस वर्षांची होते.

सत्तरच्या दशकातला तो जून. अध्यापिका विद्यालयातून पहिल्या वर्गात पास होऊन मी नुकतीच शिक्षिका झाले होते. नेमणूक मिळाली तळेगावपासून तासभर चालत जावं लागणाऱ्या एका छोट्या गावी. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, एक पडवी आणि पडवीसमोर कडुनिंब. तळेगावात मी एक खोली भाड्याने घेतली होती. सकाळी सातला निघायचं, कारण आठनंतर वाटेवरचे दगड चपलेतून भाजायचे. त्या साली मृग कोरडाच लागला होता. दोन्ही बाजूंना वखरलेली काळी रानं उघडी पडलेली, बाया आणि पोरं वाकून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, जुनी धसकटं वेचत असायची. मी जाताना एखादी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, नवी बाई का? मी हो म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

शाळेचे मुख्याध्यापक मोहोड गुरुजी. पन्नाशी उलटलेली, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं. गावातल्या प्रत्येक घरात त्यांच्या हाताखालून गेलेलं कुणी ना कुणी होतं. शाळा उघडायला पंधरा दिवस होते आणि पटनोंदणी चालू होती. आम्ही दोघं दारोदार फिरून पहिलीत येण्याजोग्या पोरांची नावं लिहीत होतो. जन्माचा दाखला बहुतेकांकडे नव्हता. आई सांगायची, कापसाच्या येचनीत झाला, किंवा थोरलीच्या लग्नाच्या साली झाली. गुरुजी मान डोलावत आणि पोराला जवळ बोलावत. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली की पोरगं सहा वर्षांचं, शाळेला तयार. मग रजिस्टरमध्ये जन्मतारीख पडायची एक जुलै. त्या गावची एक अख्खी पिढी एक जुलैला जन्मली आहे.

मला हे पाहून हसूही यायचं आणि रागही. अध्यापिका विद्यालयात आम्हाला शिकवलं होतं की मूल शाळेला तयार आहे की नाही, ते त्याच्या हाताच्या लांबीवरून ठरत नाही. त्याचं निरीक्षण, त्याची भाषा, त्याची समज पाहावी लागते. मी चार रात्री जागून पुठ्ठ्याची बारा कार्डं केली होती. प्रत्येकावर जलरंगात एक चित्र. पाठीमागे बारीक अक्षरात बरोबर उत्तर. गाय, मांजर, चूल, कंदील, पेरू, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, शेवग्याची शेंग, पातेलं, कौल, बैलगाडी. बारापैकी आठ ओळखली की मूल तयार.

गुरुजींनी कार्डं एकेक करून पाहिली. चित्रं चांगली आहेत म्हणाले. मग थोडा वेळ टोपीखाली खाजवत बसले आणि म्हणाले, ज्यांचा हात पोचतो त्यांना मी घेतो, ज्यांचा पोचत नाही त्यांना तुमच्या चित्रांनी पाहा. मला वाटलं, हा माझा विजयच आहे. कानाच्या परीक्षेत हुकलेल्यांना माझी परीक्षा न्याय देणार होती.

हात न पोचलेली तीन मुलं निघाली. एक आईच्या पदरातून बाहेर यायलाच तयार नव्हता. तो जेमतेम चार वर्षांचा असावा. त्याला गुरुजींनी हसून घरी पाठवलं. दुसरा गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. त्यांचं नागपूरला येणंजाणं होतं, घरात भिंतीवर चित्रांचा तक्ता टांगलेला होता. त्याने नऊ चित्रं धडाधड ओळखली. आणि तिसरी चंद्री.

तिची आई गयाबाई तिला घेऊन शाळेच्या पडवीत आली तेव्हा उन्हं चढली होती. त्या दिवशीचं धसकटं वेचायचं काम सोडून ती आली होती. चंद्री दिसायला चिमणीएवढी. कडेवर धाकटा भाऊ, तो जवळजवळ तिच्या निम्म्याएवढा. भावाला आईजवळ देऊन ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. गुरुजींच्या परीक्षेत तिची बोटं कानाच्या वर दोन बोटं अडली होती. तिने मान वाकडी करून पाहिली, तरी नाही.

मी पहिलं कार्ड दाखवलं. गाय, म्हणाली. मांजर बरोबर. चूल, कंदील बरोबर. मग पेरू. ती लगेच म्हणाली, “जाम.”

मी फुली मारली.

बटाट्याला ती आलू म्हणाली, टोमॅटोला भेदर, कोथिंबिरीला सांबार. शेवग्याच्या शेंगेला मुंगना, पातेल्याला गंज, कौलाला कवेलू. बैलगाडीचं कार्ड तिने हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, बंडी. मी एकेक फुली मारत गेले. बारापैकी चार.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. ती काय म्हणते आहे हे मला समजलं नव्हतं असं नाही. मी वर्ध्याचीच. हे सगळे शब्द मला माहीत होते. पण अध्यापिका विद्यालयात दोन वर्षं माझ्या जिभेवरून हेच शब्द घासून काढले गेले होते. ‘मले’ म्हटलं की वर्ग हसायचा. ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं की बाई पट्टीने टेबल वाजवायच्या. मी हट्टाने शुद्ध बोलायला शिकले, आणि शुद्ध बोलते म्हणूनच पहिल्या वर्गात आले असं मला वाटायचं. कार्डाच्या पाठीमागे पेरू लिहिलेलं होतं. जाम हे उत्तर चूक होतं.

गयाबाईला मी समजावून सांगितलं. मुलगी हुशार आहे, पण अजून शाळेसाठी तयार नाही. घाई केली तर ती मागे पडेल. पुढच्या वर्षी बघू.

“काऊन, बाई? सारं समजते तिले,” गयाबाई म्हणाली.

मी पुन्हा समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “तुमी शिकेल-सवरेल हा. तुमी म्हनता तं नसन तयार.”

चंद्री आईमागे गेली. जाताना तिने दोनदा वळून पाहिलं. माझ्याकडे नव्हे, पडवीत ठेवलेल्या कार्डांकडे. गुरुजी रजिस्टरात डोकं घालून बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्या पद्धतीवर त्यांचा विश्वास बसला.

त्या शनिवारी मी वर्ध्याला घरी गेले. कार्डं सोबत होती, कारण ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. आई स्वयंपाकघरात बसून कैऱ्या चिरत होती. माझी आई चार इयत्ता शिकलेली. घर, दोन म्हशी आणि आम्ही पाच भावंडं तिने एकटीने सांभाळली, कारण वडील कामासाठी बाहेरगावी असायचे. मी तिच्यासमोर बसले आणि कार्डं दाखवू लागले. बघ गं, मी काढलीत.

तिने हात पुसले, कौतुकाने एकेक कार्ड घेतलं आणि प्रत्येकाचं नाव घेतलं. गाय. मांजर. जाम. सांबार. मुंगना. माझ्या हातात पेन्सिल नव्हती, पण डोक्यात फुल्या पडत होत्या. बंडीपाशी येईस्तोवर मला कळलं होतं. मी आईला परीक्षेची पद्धत सांगितली, आठचा नियम सांगितला, चंद्रीचं सांगितलं. तेव्हा ती हसली.

“म्हंजे मी बी नापास?”

मी म्हणाले, तुझी गोष्ट वेगळी. ती म्हणाली, “वेगळी कशानं? तुले जाम म्हनायले मीच शिकवलं. मंग तू पेरू म्हनायले शिकली.” आणि पुन्हा कैऱ्या चिरायला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला ती गंमतच वाटली होती. पण त्या रात्री, दोन वर्षं मी काय काय शिकले होते त्याची उजळणी करत मी पडून राहिले. मुलाच्या भाषेपासून सुरुवात करा, हे वाक्य माझ्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं. त्या प्रश्नाला मला दहापैकी दहा गुण मिळाले होते.

सोमवारी पहिल्या गाडीने मी आर्वीवरून तळेगावला आले आणि खोलीवर न जाता तडक गाव गाठलं. गयाबाईच्या दाराला कडी. शेजारच्या बाईने सांगितलं, चंद्रीला तिच्या मावशीकडे कारंज्याला पोचवलं. मावशीला तीन महिन्यांचं बाळ आहे, ते सांभाळायला कुणी नव्हतं. शाळेत तर घेतलं नाही, मग घरी बसून काय करते, म्हणून.

मी शाळेत गेले आणि गुरुजींना सगळं सांगितलं. आईच्या नापास होण्यापर्यंत सगळं. गुरुजींनी दाखलखारीज रजिस्टर उघडलं. ज्यात पोरांची नावं घालायची आणि काढायची, ते हे जाडजूड पुस्तक. त्यांनी जुनी पानं उलटून मला काही नावं दाखवली. पोरींची नावं. पुढच्या वर्षी येईल म्हणून थांबवलेल्या, भाऊ मोठा होईपर्यंत थांबलेल्या, मावशीकडे, आत्याकडे गेलेल्या. पुढची पानं त्यांच्या नावाशिवायच भरलेली होती. एकदा जून हुकला की पोरगी शाळेला हुकते, असं ते म्हणाले. मी विचारलं, मग तुम्ही त्या दिवशी मला का बोलला नाहीत? ते म्हणाले, माझी कानाची परीक्षाही तिला घ्यायला तयार नव्हती, मी कोणत्या तोंडाने बोलू?

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याला गेले. नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रक एकामागे एक उभे होते, धाब्यांच्या भट्ट्या पेटलेल्या, वर सूर्य आणि खाली डांबर. मावशी एका धाब्यावर पोळ्या लाटायची. धाब्यामागे दोन खोल्यांचं घर, पुढे कडुनिंब, फांदीला लुगड्याची झोळी. झोळीची दोरी हातात धरून चंद्री बसली होती. मला पाहून ती घाबरली नाही, उठलीही नाही, कारण बाळ नुकतंच निजलं होतं. हळू आवाजात तिने विचारलं, “बाई, चित्रं नाई आनले काय?”

मी आणली होती. का आणली होती ते मलाही माहीत नाही. मी तिच्याजवळ मातीत बसले आणि पिशवीतून कार्डं काढली. तिने दोरी न सोडता एका हाताने त्यातलं बैलगाडीचं कार्ड शोधून काढलं.

“बाई, तुमच्या बंडीले जू नाई. बैल कुठं जुपसान?”

मी पाहिलं. खरंच नव्हतं. चाकं होती, आरे होते, बैलही होते छान पांढरे. पण गाडीला जू काढायचं मी विसरले होते. चार रात्री जागून काढलेलं ते चित्र मी पन्नास वेळा पाहिलं असेल. गुरुजींनी पाहिलं, आईने पाहिलं. चंद्रीने ते त्या दिवशी पडवीतच ओळखलं होतं. बराच वेळ कार्ड हातात धरून ती तेच पाहत होती. पण मी तिला फक्त नाव विचारलं होतं, आणि नाव सांगितल्यावर फुली मारून कार्ड काढून घेतलं होतं. मी काडी उचलून तिच्या हातात दिली. तिने मातीत बंडी काढली, जू काढलं, जूच्या टोकांना शिवळा, म्हणजे बैलाच्या मानेशी असतात त्या खुंट्या, काढल्या. मधेच बाळ हललं तर डाव्या हाताने झोळी हलवली. उजवा हात थांबला नाही.

मावशी दुपारी आली. पिठाने माखलेले हात, कपाळावर घाम. मी म्हणाले, चूक माझी झाली, चंद्रीला शाळेत घ्यायचं आहे, तिला परत पाठवा. ती काही वाईट बाई नव्हती. तिने मला गुळाचा चहा दिला, माझं सगळं ऐकलं आणि तिच्यापाशी होता तो एकच प्रश्न विचारला.

“मंग माह्यं लेकरू कोन पाहीन?”

 मी तिला म्हणाले, मला माहीत नाही. पण ही आता सुटली तर पुन्हा सापडणार नाही, एवढं मला माहीत आहे.  तिने बाळाला पाजायला घेतलं. पाजून झाल्यावर म्हणाली, नणंद यायची आहे, तिला निरोप धाडते. “आठ रोज थांबजा. आली तं पाठवतो, नाई तं नाई.”

आठ दिवस झाले. शाळा उघडली. चंद्री आली नाही. दाखल्याची यादी वरच्या कार्यालयात पाठवायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी रजिस्टरात दोन नावांच्या मधे एक ओळ कोरी सोडली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी काही बोलणार, त्याआधीच ते म्हणाले, “रजिस्टर आपलं हाय, अन् पोट्टी बी आपलीच हाय.” नववा दिवस गेला, दहावा गेला. मी रोज वर्गावर जायचे, क काढायचे, ख काढायचे आणि खिडकीतून वाटेकडे पाहायचे. अकराव्या दिवशी गयाबाई तिला घेऊन पडवीत उभी होती. नणंद आली होती.

त्यानंतर मी ती कार्डं परीक्षेला कधी वापरली नाहीत. दर जूनमध्ये नवीन पोरांना पडवीत बसवायचे आणि विचारायचे, घरून शाळेपर्यंत येताना काय काय दिसलं? आणि ऐकत बसायचे. काही पोरं रस्ताभरचं सांगायची, काही एकाच सरड्याचं सांगायची, एखादं काहीच सांगायचं नाही आणि माझ्या घड्याळाला बोट लावून पाहायचं. तयार नसलेलं पोर मला पुढच्या सगळ्या नोकरीत फार क्वचित भेटलं. तयार नसलेली शाळा मात्र पुष्कळदा भेटली, आणि अशा शाळेत तयार नसलेली बाई एकदा मीच होते.

चंद्रीला मी हिरा सापडला म्हणून मिरवत नाही. ती मधल्या बाकावरची पोरगी होती. वाचायला लवकर शिकली, भागाकाराला रडली. चौथीनंतर तळेगावच्या शाळेत चालत गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दहावीला गणितात नापास झाली, ऑक्टोबरला पुन्हा बसली, सुटली. मग परिचारिकेच्या प्रशिक्षणाला अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आली. तेव्हा मी वर्ध्याला बदलून आले होते. म्हणाली, तिथे शुद्ध बोलावं लागेल, मला नीट येत नाही, विचारून पाहा. मी तिला एवढंच विचारलं की गावात बाळंतीण अडली तर काय करशील. ती बोलायला लागली ते अर्धा तास थांबली नाही. कुठली बंडी लवकर मिळेल, कोणती वाट रात्रीची बरी, सोबत कोणती बाई घ्यायची. ‘मले’ आणि ‘तिले’ सगळं होतं त्यात. मी म्हणाले, असंच सांग. तिने असंच सांगितलं असावं. आर्वीकडच्या एका गावात तिने पुढे बरीच वर्षं काढली, आणि तिथल्या बाया तिला नर्सबाई न म्हणता ताई म्हणायच्या.

पण मे संपत आला की मला तिची ती नोकरी आठवत नाही. आठवतो तो अकरावा दिवस. गुरुजींनी कोऱ्या ओळीत तिचं नाव मला लिहायला सांगितलं. गयाबाईने सांगितलेलं पूर्ण नाव मी लिहिलं, चंद्रकला. मग वर्गावर गेले आणि हजेरी घेतली. पोरं आता ‘हजर’ म्हणायला शिकली होती. प्रत्येक नावाला खणखणीत हजर येत होतं. शेवटी मी म्हणाले, चंद्रकला.

कुणीच बोललं नाही. मी पुन्हा म्हणाले. ती पुढच्याच रांगेत बसली होती आणि मागे वळून पाहत होती, ही चंद्रकला कोण आहे म्हणून. त्या नावाने तिला आजवर कुणी हाकच मारली नव्हती. मी तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि तिच्याकडे पाहिलं. मग तिला कळलं.

“मी तं इथंच हावो नं, बाई.”

पोरं हसली. तिला सांगायला हवं होतं, की हजर म्हणायचं असतं. त्या दिवशी मी सांगितलं नाही. मी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुस्तक मिटलं.